माकडाच्या हातावर बिस्कीट ठेवण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

येऊरचा पायथा, घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या सोसायट्या, पारसिकची टेकडी, खारघरचे डोंगर, ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंतची कांदळवने. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांच्या खिडकीला जंगल येऊन टेकलेले आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अवघे १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या कुंपणाला लागून दाट वस्ती. माकड गॅलरीत येणार, खारीचे पिल्लू पार्किंगमध्ये पडणार, घुबडाचे पिल्लू पाण्याच्या टाकीमागे सापडणार, हे ओघानेच आले. मग त्याचा लळा लागतो. हा लळा खोटा नसतो, आणि प्राण्याच्या बाजूनेही तो खोटा नसतो. पण ‘अनोखी मैत्री’ अशा मथळ्याखाली छायाचित्रे छापून येतात तेव्हा त्या मैत्रीचे पुढच्या चार-पाच वर्षांत काय होते, ते कुठेच वाचायला मिळत नाही. जखमी आणि अनाथ वन्यजीवांची शुश्रूषा करणारे आम्ही काही जण त्यावर हे सविस्तर पत्र लिहीत आहोत. जागेच्या मर्यादेत बसेल तेवढे छापावे.

आधी हा लळा लागतो कसा, ते पाहू. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी हंसजातीच्या पिल्लांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. १९७३ साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या थोड्या काळात जे हलताना दिसते, त्याच्या मागे पिल्लू जाते. ही खूणगाठ पुसणे फार अवघड असते, आणि ती केवळ ‘आई कोण’ एवढ्यापुरती नसते. ‘मी कोण’ हेही पिल्लू त्याच वेळी शिकत असते. माणसाने एकट्याने वाढवलेले घुबड किंवा घार मोठी झाल्यावर जोडीदार म्हणून माणसाकडे पाहू शकते, आणि स्वजातीच्या पक्ष्यांशी कसे वागावे हे तिला कळत नाही. सस्तन प्राण्यांत हे इतके झटपट होत नाही, पण दूधपित्या वयात कोणाच्या अंगाची ऊब मिळाली यावर त्यांचेही बरेचसे ठरते.

माणसाच्या ओळखीत वाढलेला प्राणी माणसाला स्वतःच्या जातीचा समजतो. लहानपणी त्यामुळे तो कुशीत येतो. वयात आल्यावर स्वजातीतल्या प्रतिस्पर्ध्याशी वागावे तसाच तो माणसाशी वागू लागतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बाटलीने वाढवलेला नर हरीण. सगळ्यांना वाटते, हरीण म्हणजे गरीब प्राणी. जंगलातला नर चितळ माणूस दिसताच पळतो. पण माणसांत वाढलेल्या नराला माणसाची भीती उरलेली नसते. शिंगांवरची मखमल गळून ती कडक झाली आणि माजाचा काळ आला की समोरचा माणूस त्याच्या लेखी दुसरा नर असतो, आणि तो शिंगे खाली घालून चालून येतो. पोटात किंवा मांडीत शिंग घुसले तर जीवावर बेतते. हरणे सांभाळणाऱ्या प्राणिसंग्रहालयांत हाताने वाढवलेल्या नराच्या वाऱ्याला एकट्याने जात नाहीत, ते याच कारणाने.

माकडांचे गणित आणखी वेगळे आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या लाल तोंडाच्या आणि टोपीसारखे केस असणाऱ्या, अशा दोन्ही जातींच्या टोळ्यांत पायरी ठरलेली असते. खालच्या पायरीवरचे माकड वरच्यासमोर खाणे सोडून देते. तुम्ही हातातले केळे माकडाला दिलेत की तुमच्या मनात ते दान असते. माकडाच्या हिशेबात तुम्ही खालच्या पायरीवरचे ठरता. दुसऱ्या दिवशी केळे दिले नाही, पिशवी मागे ओढली, किंवा तुमच्याऐवजी शेजारचे शाळकरी पोर डबा घेऊन आले, तर खालच्या पायरीवरच्याने अवज्ञा केली म्हणून त्याला शिक्षा होते. ती शिक्षा म्हणजे चावा. पूर्ण वाढलेला नर सहा ते नऊ किलोंचा असतो. वजन कमी वाटले तरी त्याचे सुळे लांब आणि धारदार असतात, आणि चावा बहुधा हातावर किंवा पोटरीवर बसतो. घरात पाळलेले माकडाचे पिल्लू तीन-चार वर्षांचे होईपर्यंत गळ्यात पडते, पुढे घरातल्या सर्वांत दुबळ्या व्यक्तीला, म्हणजे लहान मुलाला किंवा आजी-आजोबांना, आधी चावू लागते. त्यानंतर लोक साखळी आणतात, आणि आयुष्यभर टोळीत राहण्यासाठी घडलेला तो प्राणी दोन हाताच्या साखळीवर पुढची कित्येक वर्षे काढतो.

‘लहानपणापासून प्रेमाने वाढवले तर तो माणसाळतोच’ असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. एक प्राणी माणसाळणे आणि एक जात माणसाळणे या गोष्टींत मोठे अंतर आहे. रशियात नोवोसिबिर्स्क येथे १९५९ साली दिमित्री बेल्यायेव यांनी रुपेरी खोकडांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत सर्वांत कमी बुजणारी मोजकी खोकडे निवडायची आणि फक्त त्यांचीच पैदास करायची. अशा काही पिढ्यांनंतर माणसाला पाहून शेपटी हलवणारी पिल्ले जन्माला आली. बदल झाला तो पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीने, कुणाच्या मांडीवर वाढल्याने झाला नाही. कुत्र्याच्या बाबतीत ही निवड हजारो वर्षे चालली. येऊरच्या रस्त्यावर सापडलेल्या बिबट्याच्या बछड्यामागे किंवा रानमांजराच्या पिल्लामागे असे काहीही नाही. त्यांच्या रक्तात सगळे रान जसेच्या तसे आहे.

माणसाची भीती हे वन्यप्राण्याचे मुख्य कवच आहे. आपण ते प्रेमाने उतरवतो आणि मग त्याला पुन्हा त्याच जगात जगायला सांगतो. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला २०२२ साली शेतात जखमी सारस सापडला. त्याने त्याचा पाय बरा केला. पक्षी बांधलेला नव्हता, तरी तो शेतकऱ्याच्या मोटरसायकलमागे उडत असे. देशभर त्याचे कौतुक झाले. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने त्या सारसाला समसपूरच्या पक्षी अभयारण्यात नेले. तिथून तो निघाला आणि जवळच्या गावात सापडला, शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात त्याची रवानगी झाली. त्या शेतकऱ्याच्या मायेबद्दल आम्हाला जराही शंका नाही. पाय बरा करणे योग्यच होते. पण पक्षी उभा राहिला तेव्हाच तज्ज्ञांच्या हाती गेला असता, तर सारसांच्या थव्यात परतण्याची संधी त्याला होती.

आता आपल्या दारातला प्रश्न. माकडांना खाऊ घालणारे बहुतेक लोक भाविक किंवा हळवे असतात, वाईट हेतूचा माणूस क्वचितच. जंगलात माकडाचा दिवस खाणे शोधण्यात जातो : उंबर, वड, पिंपळाची फळे, कोवळी पाने, करवंदे, जांभळे, किडे. पावाची लादी, बिस्किटे, वडे आणि केळी यांत तेवढीच ऊर्जा काही मिनिटांत मिळते. मग दोन गोष्टी होतात. टोळी रस्त्याच्या कडेला बसून राहते, आणि खाणे मुबलक झाल्याने पिल्लांची संख्या वाढते. येऊरच्या चढावर किंवा घोडबंदर रस्त्यावर गाडीची काच खाली करून फेकलेला वडा हे माकडाला चाकाखाली बोलावण्याचे आमंत्रण आहे. सोसायट्यांत ती विजेच्या तारा आणि रोहित्रांवरून ये-जा करतात. आई वाचते आणि पोटाला बिलगलेले पिल्लू भाजते, असे प्रसंग पाहावत नाहीत. उपद्रव वाढला की तेच रहिवासी ‘पकडून न्या’ म्हणून अर्ज करतात. पकडून दुसरीकडे सोडलेली टोळी तिथल्या टोळीशी भांडते, तिला पाण्या-खाण्याच्या जागा ठाऊक नसतात, आणि मोकळ्या झालेल्या सोसायटीत, कचरा तसाच उघडा असेल तर, काही आठवड्यांत दुसरी टोळी येते.

माकड समोर आले तर काय करावे, हे मुलांना नीट शिकवायला हवे. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. भुवया वर, कान मागे, तोंड गोल उघडे आणि मान पुढे झटकणे ही धमकी आहे. ओठ मागे ओढून दात दाखवणारे माकड हसत नसते, ते घाबरलेले असते, आणि घाबरलेले माकडही चावते. आपणही दात दाखवून हसू नये. दोन्ही तळवे उघडे करून दाखवावेत, पाठ न करता हळूहळू मागे सरावे, पळू नये. पिशवी धरलीच तर सोडून द्यावी. ओढाताणीतच बहुतेक चावे होतात. पिल्लू जवळ असेल तर त्याच्या आणि आईच्या मध्ये कधीही उभे राहू नये. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज हा त्यांना खाण्याचा संकेत झालेला आहे, म्हणून जंगलाकडच्या रस्त्यावर कापडी पिशवी, आणि तीही बंद. सोसायटीत कचऱ्याचे डबे झाकणाचे आणि कडी लागणारे हवेत, ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीला दोन इंचांहून बारीक जाळी बसवावी. एवढ्यावर सोसायटीतल्या सगळ्यांनी एकमताने राहिले तर टोळी येण्याचे प्रमाण उतरते. एका घरातून जरी खाऊ चालू राहिला तरी उतरत नाही, उलट वाढते. कधीतरीच मिळणाऱ्या खाण्यासाठी प्राणी अधिक चिकाटीने परत येतो.

चावा किंवा ओरखडा झालाच तर. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो, आणि हेच पाऊल लोक सर्वांत घाईने उरकतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट, तेल काही भरू नये, जखम घट्ट बांधू नये. टाके शक्यतो घालत नाहीत. घालावे लागलेच तर आधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. वन्यप्राण्याचा चावा आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गात धरतात. लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. त्वचेत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत दिल्यास त्यात १४ वा दिवस वाढतो. चावा माकडाचा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. माकडांच्या लाळेतून जाणाऱ्या ‘बी’ विषाणूची लागण माणसाला विरळ होते, पण झाली तर मेंदूवर जाते, आणि औषध वेळेत सुरू करावे लागते. वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श झाला आणि कुठे बारीकसा दात लागला असेल, तरी हेच सगळे करायचे. त्याचे दात इतके सूक्ष्म असतात की खूण दिसेलच असे नाही.

सर्वांत जास्त नुकसान ‘अनाथ’ समजून उचललेल्या पिल्लांचे होते, आणि यातली बरीच पिल्ले अनाथ नसतातच. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत जमिनीवर दिसणारे, पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते. बुलबुल, दयाळ, कावळे, सगळे या अवस्थेतून जातात. आई-बाप जवळच्या फांदीवरून त्याला भरवत असतात. मांजर किंवा गाडी यांचा धोका असेल तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि वीस पावले दूर व्हावे, एवढेच. पिसे नसलेले, डोळे मिटलेले पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले असते. घरटे दिसत असेल तर परत ठेवावे. हात लावल्याने आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. घरटे मोडले असेल तर तळाला भोके पाडलेली छोटी टोपली, आत सुकी पाने किंवा काथ्या, तारेने त्याच फांदीला, सावलीत बांधावी. कापूस घालू नये, नखे अडकतात.

खारीच्या पिल्लाचेही तसेच. एप्रिल-मे महिन्यांत झाडांची छाटणी जोरात असते आणि घरटी खाली येतात. पिल्लाला आधी ऊब हवी, अन्न नंतर. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड, आणि खोक्याच्या निम्म्या भागाखाली कोमट पाण्याची पिशवी किंवा बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लू थंड बाजूला सरकू शकते. थंड पडलेल्या पिल्लाला काहीही पाजले तर त्याची आतडी ते पचवू शकत नाहीत. ते उबदार झाले की खोके, वर न झाकता, त्याच झाडाच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बांधावे आणि तिथून निघून जावे. दिवसाउजेडी चार-पाच तास वाट पाहावी. आई येते आणि मानेला धरून एकेक पिल्लू दुसऱ्या घरट्यात नेते. लोक खोक्याजवळ मोबाइल धरून उभे राहतात, म्हणून ती येत नाही.

आई आली नाही तर वन विभागाला कळवावे. तोवर गाईचे दूध पाजू नये. त्यातली साखर आणि प्रथिने खारीच्या पोटाला मानवत नाहीत, जुलाब होतात, आणि दहा-पंधरा ग्रॅमचा जीव जुलाबाने काही तासांत कोरडा पडतो. दुसरी चूक म्हणजे पाठीवर उताणे धरून ड्रॉपरने दूध सोडणे. दूध श्वासनलिकेत जाते, नाकातून बुडबुडे येतात, दोन दिवसांनी न्यूमोनिया. पक्ष्याच्या बाबतीत तर चोचीत पाणी ओतणे सर्रास चालते. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असते, तिथे थेंब पडला की तो थेट फुप्फुसात. उन्हाच्या झटक्याने खाली आलेली घार, संक्रांतीच्या मांजात अडकलेला बगळा, घुबड, कुणीही असो : हवेला भोके पाडलेले खोके, अंधार, शांतता, एवढेच प्रथमोपचार. अंधारात पक्ष्याची घालमेल थांबते. मांजा अंगातून ओढून काढू नये, बाहेरचा दोरा कात्रीने कापून उरलेला तसाच ठेवावा.

उदमांजराची पिल्ले छताच्या पोकळीत किंवा एसीच्या वाहिनीत सापडतात. वाट मोकळी ठेवली, रात्री तिथला दिवा बंद ठेवला की आई त्यांना स्वतःच हलवते. बिबट्याच्या बछड्यांबाबत जुन्नर भागातला अनुभव मोलाचा आहे. ऊसतोडीत सापडलेले बछडे वन विभाग आणि पशुवैद्य तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि रात्री मादी येऊन त्यांना नेते. बछडा उचलून गावात आणला, त्याच्यासोबत फोटो काढत बसले, की ही रात्र हातची जाते, आणि शेजारच्या उसात बछड्याला शोधणारी मादी असते.

कायमचे बरे करून सोडायचे असेल तर शुश्रूषा करणाऱ्याने मायेला आवर घालावा लागतो. ते या कामातले सर्वांत कठीण पथ्य आहे. पिल्लाला एकटे वाढवायचे नाही, त्याच जातीची दोन-तीन एकत्र ठेवायची. एकच व्यक्ती भरवणार, न बोलता. शिकारी पक्ष्यांना भरवताना हात कापडाखाली झाकायचा, शक्य असेल तर त्याच पक्ष्याच्या डोक्याची बाहुली वापरायची. नाव ठेवायचे नाही. नाव दिले की हाक मारली जाते, आणि हाकेला येणारा पक्षी कुठल्याही माणसाकडे जातो, दगड उचललेल्या माणसाकडेसुद्धा. सोडण्याआधी जिथे सोडायचे तिथेच पिंजऱ्यात आठवडा-दोन आठवडे ठेवून खाणे टप्प्याटप्प्याने कमी करतात. माणूस जवळ येताच जो घाबरून दूर जातो, तोच सोडण्यायोग्य मानतात. आपल्यापासून घाबरणारे पिल्लू पाहून ज्याला समाधान वाटते, त्याने हे काम करावे.

पोपटाबद्दल थोडे. पिंजऱ्यातला हिरवा पोपट जंगलातून, झाडाच्या ढोलीतून काढून आणलेला असतो. वाटेत किती मरतात याचा हिशेब विकत घेणाऱ्यापर्यंत येत नाही. मिरची, पेरू आणि सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्याने कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमी पडते, हाडे ठिसूळ होतात. पक्ष्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. आणि पाळलेला पोपट गॅलरीतून ‘मुक्त’ केला तर तो थव्यात मिसळत नाही, कावळे त्याला संपवतात. तो वन विभागाकडेच द्यावा.

कासवांचेही असेच हाल आहेत. वास्तूसाठी ठेवलेले चांदणी कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. दुकानात मिळणारे लाल कानाचे परदेशी कासव रुपयाएवढे दिसते, पण ते फूटभर वाढते आणि वीस-तीस वर्षे जगते. मोठे झाले की लोक ते जवळच्या तलावात सोडतात, तिथे ते स्थानिक कासवांचे खाणे आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. शिवाय त्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे, कारण मुले ती तोंडात घालत.

कांदळवनातल्या कोल्ह्यांना चिकनचे तुकडे आणि पोळ्या ठेवणारेही आता दिसतात. त्या खाण्यावर आधी भटके कुत्रे येतात, आणि कुत्र्यांकडून कोल्ह्यांत रेबीज व डिस्टेंपर हे विषाणूंचे जीवघेणे आजार जातात. हिवाळ्यात खाडीवर येणाऱ्या कुरव पक्ष्यांना गाठ्या आणि शेव टाकू नये. मासे आणि कोळंबी खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तळलेले, खारट बेसन जाते. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तिथे पक्ष्यांना पोसण्याइतके अन्न चिखलातच आहे. साप हाताळून, गळ्यात घालून, नागाच्या फण्याचे चुंबन घेऊन चित्रफिती काढणाऱ्यांना एवढेच सांगणे की साप ओळख ठेवत नाही. तो शांत दिसतो तेव्हा थकलेला किंवा थंड पडलेला असतो.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या संज्ञेत पकडणे, सापळा लावणे आणि आमिष दाखवणेही येते. कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि असा प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अनुसूची १ मधील प्राण्याबाबत किमान तीन ते सात वर्षे कैद व किमान पंचवीस हजार दंड आहे. ‘आम्ही वाचवला म्हणून ठेवला’ हा बचाव ४८ तासांनंतर चालत नाही.

याला उत्तर म्हणून हमखास हेमलकशाचे नाव घेतले जाते. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेली पिल्ले सांभाळली, बिबटेसुद्धा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती पिल्ले हौसेने आणलेली नव्हती. ज्यांच्या आयांची भुकेपोटी शिकार झाली, त्या पिल्लांना दुसरा मार्गच नव्हता, आणि ती सांभाळण्यात एका कुटुंबाचे आयुष्य गेले. सदनिकेच्या गॅलरीत त्याचे अनुकरण होत नाही, आणि त्याचा दाखला देऊन बछडे मांडीवर घेणे हा त्या कामावरच अन्याय आहे.

ज्यांना या प्राण्यांवर जीव लावायचा आहे, त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते प्राणी हातात घेऊन होत नाही. गच्चीवर मातीचे पसरट भांडे, पाणी चार-पाच सेंटिमीटर खोल, मधोमध एक दगड, पाणी रोज बदलायचे आणि दर दोन दिवसांनी घासायचे. त्याने डासही होत नाहीत. सोसायटीच्या कडेला उंबर, पांगारा, काटेसावर, करंज लावावीत. पावसाळ्यापूर्वीची छाटणी करण्याआधी प्रत्येक झाड खालून दुर्बिणीने पाहावे, पक्षी बसलेले घरटे असेल तर ती फांदी पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावी. ढोकरी आणि बगळे पावसाळ्याच्या तोंडालाच घरटी करतात, आणि फांदी खाली आली की अख्खी वसाहत रस्त्यावर येते. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांनी छाटणीच्या परवानगीतच ही अट घालावी आणि येऊर, उपवन, खारघर या रस्त्यांवर झाकणाच्या कचरापेट्या व खाऊ घालण्यास दंड, दोन्ही एकदम आणावेत. नुसते फलक लावून काही होत नाही.

प्राणी सापडला तर वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. फोन करताना नेमका पत्ता आणि खूण, प्राणी कोणता वाटतो, तो हलतो आहे का, रक्त दिसते का, किती वेळापासून आहे, आणि कुणी काही पाजले आहे का, एवढे सांगावे. पाजले असेल तर लपवू नये. उपचार त्यावर ठरतात. हरीण किंवा भेकर असेल तर त्याच्यामागे धावू नये, गर्दी हटवावी. पकडण्याच्या धावपळीने त्याचे स्नायू आतून फाटतात, आणि वरून धडधाकट दिसणारे हरीण एक-दोन दिवसांत मरते.

आपल्याला एक विनंती. माणसाच्या खांद्यावरचे माकड, मांडीवरचा बछडा, हातावरचे घुबड यांचे छायाचित्र आले तर ते छापण्याआधी संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्राणी कायदेशीर ताब्यात आहे का, एवढे विचारावे. छापायचेच असेल तर सोबत १९२६ हा क्रमांक आणि ४८ तासांचा नियम छापावा. एकाच स्तंभात दोन ओळी बसतात.

आपले,
येऊर आणि ठाणे खाडी परिसरात वन्यजीव शुश्रूषेचे काम करणारे काही कार्यकर्ते,
ठाणे (पश्चिम)